डोंगराचे कॅशियर

'मानद' हा मराठीतला एक अत्यंत फसवा शब्द आहे. कानाला तो मोठा भारदस्त लागतो. मानद सचिव, मानद अध्यक्ष, मानद वन्यजीव रक्षक! ऐकणाऱ्याला वाटतं, या गृहस्थांना कुठून तरी मान मिळत असणार. संस्कृतच्या हिशेबानं 'मानद' म्हणजे मान देणारा. तो कुणी कुणाला द्यायचा, आणि कधी, याचा खुलासा शब्दात नाही. व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच, की या माणसानं पगार मागू नये आणि बसचं तिकीट स्वतः काढावं.

मी पडलो कॉमर्सचा माणूस. आमच्या पाठ्यपुस्तकात जगाची वाटणी अगदी सुटसुटीत होती. जमिनीला खंड, श्रमाला वेतन, भांडवलाला व्याज आणि धाडसाला नफा. चार घटक, चार मोबदले, प्रश्न आठ गुणांचा. पाचवा घटक, म्हणजे जो जमीन नसताना, वेतन नसताना, भांडवल तर नसतानाच नसताना रविवारी पहाटे पाचला उठून डोंगरावर जातो, तो कुठल्याच प्रकरणात नव्हता. तो अभ्यासक्रमात असता तर मी परीक्षेत नक्की ऑप्शनला टाकला असता. आता आयुष्यात आला आहे, इथं ऑप्शन नाही.

फुकट काम करणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. पण बहुतेकांना काही ना काही सुटतं. गणपती मंडळाच्या कार्यकर्त्याचा फोटो चौकातल्या फलकावर लागतो. वाचनालयाच्या मानद चिटणिसाला दिवाळी अंक सगळ्यांच्या आधी मिळतात. शोकसभेचं सूत्रसंचालन करणाऱ्यालासुद्धा, दुसऱ्याच्या का होईना, पण सभेत बोलायला मिळतं. परंतु रान राखणाऱ्याला काय मिळतं? त्याचं काम यशस्वी झालं म्हणजे डोंगर होता तिथंच राहतो. आता डोंगर होता तिथंच राहिला, यात बातमी ती काय? तो नाहीसा झाला तरच लोकांच्या लक्षात येणार, आणि तेव्हा सगळे विचारणार, "तुमचं ते मंडळ काय करत होतं?"

त्यात आमचा जिल्हा धाराशिव. इथं रान राखतो म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "रान आहे कुठं?" राज्यातल्या जिल्ह्यांना जंगलाच्या क्रमानं वर्गात बसवलं, तर आम्ही अगदी शेवटच्या बाकावर. आमची कीर्ती वेगळ्याच गोष्टींची. तुळजापूरची भवानी, नळदुर्गचा किल्ला आणि उस्मानाबादी शेळी. जिल्ह्याचं नाव २०२३ साली धाराशिव झालं, शेळी मात्र अजून उस्मानाबादीच आहे. तिनं बदलासाठी अर्ज केल्याचं ऐकिवात नाही. आणि ही शेळी म्हणजे काय, की कोवळ्या रोपापासून कर्जाच्या नोटिशीपर्यंत काहीही समभावानं खाणारी. अशा जिल्ह्यात जो झाड लावतो त्याच्या आशावादाला सीमा नाही.

तरी पण रान आहे. बालाघाटच्या डोंगराचा एक तुकडा येडशीजवळ खाली उतरतो, त्या घळीत रामलिंगाचं देऊळ आहे आणि आजूबाजूला येडशी रामलिंग घाट अभयारण्य. १९९७ साली जाहीर झालेलं. क्षेत्रफळ सुमारे २२ चौरस किलोमीटर. विदर्भातले लोक हा आकडा ऐकून हसतात. पण ज्याच्या पासबुकात बावीसच रुपये आहेत, त्याला त्या बावीस रुपयांची किंमत काय असते, हे काउंटरच्या आतल्या माणसाला विचारावं.

तर या बावीस रुपयांच्या, म्हणजे किलोमीटरांच्या, आसपास रमणारं आमचं एक मंडळ आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर वर्गणी मागायला आलोय असं वाटेल. अशी मंडळं महाराष्ट्रात गावोगाव आहेत आणि त्यांची घडण सगळीकडे एकच. अध्यक्ष डॉक्टर असतात, कारण त्यांच्याकडे जीप असते. सचिव शाळामास्तर असतात, कारण त्यांचं अक्षर चांगलं असतं. एक फोटो स्टुडिओवाला असतो आणि एक वकील असतो. वकिलांचा उपयोग पुढं होईल असं सगळे म्हणत असतात. आणि खजिनदार म्हणून बँकेतला एक जण धरून आणलेला असतो. इतरांच्या अंगी काही गुण असल्यामुळं त्यांची निवड होते. माझी झाली ती 'याला आकडेमोडीची सवय आहे, आणि पैसे घेऊन पळून जायचं धाडस याच्यात नाही' या दोन कारणांनी. मी पदभार स्वीकारला तेव्हा शिल्लक एकशे चाळीस रुपये होती. पळून जायचं म्हटलं असतं तरी लातूरच्या पुढं जाता आलं नसतं.

आमच्या घरात मात्र या मानद पदाची वेगळी किंमत होते. "अहो, आपली गच्ची गळतीय, आणि तुम्ही डोंगरावरचं पाणी कुठं मुरतं ते बघायला चाललात?" हा प्रश्न दर पावसाळ्यात विचारला जातो. त्याला उत्तर नाही. खरं म्हणजे तत्त्वज्ञानातले सगळे मोठे प्रश्न स्वयंपाकघरातूनच विचारले जातात. ग्रंथात नुसती त्यांची उत्तरं लांबवलेली असतात.

प्रश्न असा, की माणूस हे का करतो? फळाची आशा न धरता कर्म करावं असं गीता सांगते, आणि आमचे सचिव ते दर सभेत आम्हांला ऐकवतात. पण बालाघाटात दिवाळीच्या सुमारास सीताफळं पिकतात, आणि त्या महिन्यातल्या रविवारी मंडळाची उपस्थिती दुप्पट होते. फळाची आशा सोडणं निराळं आणि सीताफळाची सोडणं निराळं.

म्हणून मी ठरवलं, की जुन्या मानद लोकांचं काय होतं ते बघावं. बँकेत कर्ज देताना आम्ही अर्जदाराचा पूर्वेतिहास बघतो, तसा.

आपल्याकडच्या या जमातीचं मूळपुरुषांचं खातं १५ सप्टेंबर १८८३ ला मुंबईत उघडलं गेलं. आठ जण जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. आठांतले दोघे आपले, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. यातल्या आत्माराम पांडुरंगांनी त्याआधी सोळा वर्षं, १८६७ साली, प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेतला होता. देवाची प्रार्थना आणि पाखरांची नोंद या दोन गोष्टी एकाच माणसाला जवळच्या वाटल्या, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. दोन्हींत मोबदला लगेच मिळत नाही.

पण माझा खरा जीव जडला तो पहिल्या मानद सचिवावर. त्याचं नाव एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. जन्म साताऱ्याचा, १८५१ चा. नोकरी मुंबई सरकारच्या जकात आणि मीठ खात्यात, आणि उरलेल्या वेळात 'एहा' या नावानं कावळे, बेडूक, मुंग्या यांच्यावर विनोदी लेख लिहिणं. दिवसा मिठाचा हिशेब आणि रात्री विनोद! हे वाचलं तेव्हा आमच्या जातकुळीचा माणूस सापडल्याचा आनंद मला झाला. आता या गृहस्थाला त्याच्या सेवेबद्दल जगानं काय दिलं? डासाच्या एका जातीला त्याचं नाव दिलं. ॲनॉफिलीस एटकिनी! लोकांच्या नावानं रस्ते असतात, चौक असतात, निदान एखादी मुतारी तरी असते. याच्या नावानं डास आहे. पण विचार केला तर रस्त्याचं नाव सरकार बदललं की बदलतं. डासाचं तेवढं सोपं नाही.

त्याच्या मागून आलेले मानद सचिव हर्बर्ट फिप्सन हे दारूचे व्यापारी. संस्थेला जागा नव्हती म्हणून यांनी आपल्या दुकानातली खोली दिली. तिथं सचिवांच्या खुर्चीमागं एक जिवंत धनेश पक्षी राहायचा, नाव विल्यम. १८९४ पासून १९२० पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षं, त्यानं त्या कचेरीत काढली. एवढी सलग सेवा आमच्या शाखेत कुणाची नाही, आणि त्याची बदलीही झाली नाही. आजही त्या संस्थेच्या चिन्हावर धनेशच आहे. बढती म्हणतात ती ही.

याच कचेरीत १९०८ साली एक मुलगा मेलेली चिमणी घेऊन आला. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता आणि ती कुठली हे त्याला हवं होतं. तेव्हाचे मानद सचिव मिलर्ड यांनी त्याला हाकललं नाही. कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. तो मुलगा म्हणजे सलीम अली. पुढं या सलीम अलींनी दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबशास्त्राचा अभ्यास केला, हे कॉमर्सवाल्यांनी भिंतीवर लिहून ठेवावं. नंतर पदवी नाही म्हणून त्यांना प्राणिशास्त्राची सरकारी नोकरी नाकारली गेली, हे इतरांनी लिहून ठेवावं.

मिलर्ड साहेबानं त्या दिवशी किती वेळ खर्च केला असेल? धरा अर्धा तास. त्या अर्ध्या तासाचं व्याज काढायला बसलो तर माझं कॅल्क्युलेटर थकेल. मानद कामाचं हे असं असतं. व्याज प्रचंड, पण ते तिसऱ्याच्याच खात्यात जमा होतं.

इथवर लेख छान चालला होता. मानद लोकांचा जयजयकार करून आणि वर्गणीचं आवाहन करून इथंच थांबता आलं असतं. पण खतावणीला दोन बाजू असतात, आणि नावे बाजू न बघता पान उलटलं तर रात्री झोप लागत नाही.

नावे बाजूला माळढोक आहे. आमच्या शेजारी, सोलापूरजवळ, नान्नजचा माळ. १९७० नंतरच्या दशकात सोलापूरचे बी. एस. कुलकर्णी यांच्यासारख्या पक्षिप्रेमींनी तिथल्या माळढोकांसाठी धडपड केली. हा पक्षी म्हणजे अंगानं भरलेला, माणसाच्या कमरेच्या वर डोकं येणारा आणि वर्षाला बहुधा एकच अंडं घालणारा. म्हणजे कुटुंबनियोजनात आपल्यापेक्षा पुढं गेलेला. याला राष्ट्रीय पक्षी करावं असं सलीम अलींचं म्हणणं होतं. १९६३ साली मान गेला मोराकडे. याच्या इंग्रजी नावाच्या स्पेलिंगात एक अक्षर चुकलं तर शिवी होते म्हणून सरकार बिचकलं, असंही सांगतात. टायपिस्ट लोकांशी रोज संबंध येत असल्यामुळं मला ही भीती रास्त वाटते.

त्या धडपडीला यश आलं आणि १९७९ साली अभयारण्य झालं. किती मोठं? तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर! सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर या दोन जिल्ह्यांत पसरलेलं. आता एवढ्या जागेत नुसता माळ नव्हता. शेतं होती, गावं होती, बाजारपेठा होत्या. नकाशावर रेघ ओढणाऱ्याला पेन्सिल लागते, रेघेच्या आत राहणाऱ्याला मात्र सातबारा लागतो. जमीन विकायची तर अडचण, विहिरीच्या कर्जाला तारण द्यायची तर अडचण. ज्या शेतकऱ्यानं आयुष्यात माळढोकाचं काही वाईट केलं नव्हतं, त्याला तो पक्षी म्हणजे आपल्या उताऱ्यावर चढलेला बोजा वाटायला लागला. पुढं २०१२ च्या सुमारास ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर तीसएक वर्षं गेली होती. माळढोकही गेले होते. अलीकडच्या गणनांत त्यांना मोजायला एका हाताची बोटंसुद्धा जास्त होतात.

माळढोक काही नुसता त्या रेघेमुळं गेला नाही. माळ नांगरले गेले, ऊस आला, तारा आल्या, कुत्री आली. पण जवळच्या माणसालाच तो परका झाल्यावर त्याच्याकडे लक्ष ठेवायचं कुणी? सोलापुरातून रविवारी येणाऱ्यांनी?

हा रविवारचा मुद्दा माझा नाही. तो एका धनगर मामांचा आहे, आणि तो मला आजवर वाचलेल्या तत्त्वज्ञानाच्या सगळ्या पुस्तकांपेक्षा (एकूण दोन) भारी वाटतो. झालं असं, की डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात चक्क वाघ आला! ज्या जिल्ह्यात वाघ म्हणजे फक्त अणदूर-नळदुर्गच्या खंडोबापुढचा वाघ्या, तिथं खरा, पट्ट्याचा वाघ. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून तो सुमारे पाचशे किलोमीटर चालत आला होता. तिकीट नाही, रिझर्वेशन नाही, प्रवासभत्ता नाही. थोडक्यात, हासुद्धा मानदच.

मंडळात उत्साहाचं उधाण आलं. डॉक्टरांनी दवाखाना अर्धा दिवस बंद ठेवला. वकील म्हणाले, "आता माझा उपयोग होईल." लोकांनी वाघाचं नाव 'रामलिंग' ठेवून त्याला गाववालाही करून टाकलं. तिकडं गुरं मारली जात होती, लोक संध्याकाळी रानातून लवकर परतत होते, आणि वाघाला पकडून हलवण्यासाठी बाहेरून पथकं आली होती. २०२५ च्या सुरुवातीचे कित्येक दिवस ती त्याच्या मागावर होती, आणि तो त्यांना कर्ज बुडवणाऱ्या माणसासारखा दुरून दिसे, पण हाती लागत नसे.

त्या दिवसांत आम्ही घाटाखालच्या एका वस्तीवर जनजागृती करायला गेलो. सचिवांनी अर्धा तास निसर्गाच्या साखळीवर भाषण केलं. वाघ वाचला तर रान वाचेल, रान वाचलं तर पाणी वाचेल, वगैरे. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चंची काढली, आणि म्हणाले, "मास्तर, तुमचं समदं खरं हाय. पर तुमी रईवारी येता. वाघ सोमवारी बी असतोय."

सभा तिथंच संपली. आभारप्रदर्शन राहून गेलं.

परत येताना जीपमध्ये कुणी बोललं नाही. मी मात्र मनातल्या मनात हिशेब मांडत होतो. आम्ही देतो ते वर्षाचे बावन्न रविवार, त्यातले लग्नसराईचे वजा. हे मामा देतात ते तीनशे पासष्ट दिवस, वर दोन शेळ्या. नुकसानभरपाई असते, पण तिच्यासाठी पंचनामा, अर्ज, फोटो आणि खात्याचा नंबर लागतो, आणि तोवर शेळी काही थांबत नाही. आम्हांला 'मानद' म्हणतात. त्यांना काय म्हणतात? उलट आमच्यातलाच एखादा उत्साही सभासद त्यांना 'चराईवाले' म्हणून रागावतो.

पगार न घेणाऱ्या माणसाला हा एक मोठा धोका असतो. पगार घेणाऱ्याला ठाऊक असतं, की आपण नोकर आहोत. फुकट काम करणाऱ्याला दहा वर्षांनी वाटायला लागतं, की आपण मालक आहोत. 'आमचा डोंगर', 'आमचे पक्षी', 'आमचा वाघ'. मोबदला न घेतल्याचा मोबदला म्हणून तो अख्खा डोंगरच नावावर करून घेतो! याच्यापेक्षा दोन हजार रुपये पगार दिलेला स्वस्त पडला असता.

मग या माणसानं कसं वागावं? थोर लोकांचे आदर्श मला झेपत नाहीत. मी आपला आमच्या कॅशियरकडे बघतो. तो सकाळी तिजोरीतून रोकड घेतो. दिवसभर त्याच्या हातातून लाखो रुपये जातात. त्यातल्या एकाही नोटेकडे बघून तो 'माझी' म्हणत नाही. म्हटलं तर त्याला दुसऱ्या दिवशी वेगळ्या खात्यात बसवतील, तेही गृहखात्यात. संध्याकाळी तो मोजतो, जुळवतो, पावतीवर सही करतो आणि तिजोरीत ठेवतो. तफावत शून्य आली की त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो, तो त्या पैशांचा नसतो. दुसऱ्याची ठेव होती तेवढीच्या तेवढी परत ठेवल्याचा असतो. डोंगराचंही तेच. आपल्याआधी तो कुणाचा तरी होता, आपल्यानंतर कुणाचा तरी असणार; आपली पाळी असताना कमी पडू नये, एवढंच.

आणि आणखी एक. बँकेची तिजोरी एका किल्लीनं उघडत नाही. दोन किल्ल्या असतात, दोन वेगळ्या माणसांकडे. व्यवस्थापक कितीही मोठा असला तरी कॅशियर आल्याशिवाय त्याला तिजोरी उघडता येत नाही, आणि कॅशियरलाही एकट्याला येत नाही. डोंगराच्या तिजोरीला मला वाटतं अशाच दोन किल्ल्या आहेत. एक कायद्याची, अभ्यासाची, मंडळाची, म्हणा हवं तर रविवारची. दुसरी मामांच्या कमरेला. माळढोकाच्या वेळी एकाच किल्लीनं तिजोरी उघडायला गेलो आणि ती वाकली. अशा वेळी कुलपाला दोष देण्यात अर्थ नाही.

हे विचार मी पुढच्या सभेत, थोडे कमी अलंकारिक भाषेत, मांडले. पाऊण तास चर्चा झाली. वकिलांनी घटनेत तरतूद आहे का ते बघितलं. तरतूद नव्हती, पण मनाईही नव्हती. शेवटी दोन ठराव झाले. एक, यापुढं रविवारच्या फेरीआधी वस्तीवर जाऊन कुणाचा भरपाईचा अर्ज राहिलाय का ते विचारायचं आणि तो खजिनदारांनी भरून द्यायचा. (ठराव करताना खजिनदार चहा सांगायला बाहेर गेले होते.) आणि दोन, मामांना कार्यकारिणीवर घ्यायचं.

सचिव स्वतः ठरावाची प्रत घेऊन वस्तीवर गेले. मामांनी कागद उलटसुलट करून बघितला.

"म्हंजी मी आता तुमच्यातला?"

"होय मामा. कार्यकारिणी सदस्य."

"पगार किती?"

"पगार नाही मामा. मानद आहे."

"मानद म्हंजी?"

सचिवांनी समजावून सांगितलं. रान राखायचं, जनावराला दगड मारायचा नाही, वणवा दिसला तर धावायचं, पाणवठ्यावर लक्ष ठेवायचं, आणि यातल्या कशाचेही पैसे घ्यायचे नाहीत.

मामा बराच वेळ हसत होते.

"आन मंग आजवर काय करत हुतो, मास्तर?" ते म्हणाले, आणि कागदाची घडी करून त्यांनी ती चंचीत ठेवली.